साडेसहाशे शब्दांत मी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

एकतीस वर्षं मी नाशिकला शाळेत मराठी शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं दहावीच्या उत्तरपत्रिका तपासल्या. माझ्या हाताखालून किती फाटक्या छत्र्या गेल्या असतील, मोजदाद नाही. 'फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त', 'मी नदी बोलतेय', 'पडक्या वाड्याचे मनोगत'. सगळ्या छत्र्यांचा जन्म मुंबईच्या कारखान्यात, सगळ्यांना प्रेमळ मालक, मग वादळात एक काडी मोडणार, मग अडगळीची खोली, आणि शेवटी माणसाच्या कृतघ्नपणावर दोन ओळी. पंधरापैकी अकरा गुण. मीच मुलांना तो साचा दिला होता, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

पण एक गोष्ट मला निवृत्त झाल्यावर, आणि तीही परदेशात, सुचली. आम्ही छत्रीला बोलतं केलं, नदीला केलं, झाडाला केलं. 'माझी आई' झाली, 'माझा आवडता छंद' झाला. पण समोर बसलेल्या मुलाला 'तू कोण आहेस, ते सांग' असं आम्ही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर पोरं गडबडली असती. खरं सांगायचं तर मीही गडबडले असते.

२०२४ च्या जूनमध्ये मी लेकीकडे न्यू जर्सीला गेले. नात तेव्हा सतरा वर्षांची, शाळेच्या शेवटच्या वर्षात जाणारी. तिचं नाव मी सांगणार नाही, तशी तिची सक्त ताकीद आहे. ऑगस्ट उजाडला आणि घरात एकच शब्द घुमायला लागला, 'एस्से'. जेवताना एस्से, गाडीत एस्से, फोनवर एस्से. मी लेकीला म्हटलं, "अगं, निबंधच ना? आण इकडे, तासाभरात करून टाकू." त्यावर लेकीनं माझ्याकडे जे पाहिलं, ते मी तिच्या दहावीच्या वेळी तिच्याकडे पाहायची तसं होतं.

तर तिकडची पद्धत अशी. 'कॉमन अ‍ॅप्लिकेशन' नावाचा एक सामाईक अर्ज आहे. १९७५ साली पंधरा महाविद्यालयांनी मिळून तो सुरू केला, आज हजारावर महाविद्यालयं आणि विद्यापीठं तो स्वीकारतात. अर्जात गुण असतात, शिक्षकांची पत्रं असतात, आणि एक निबंध असतो. कमीत कमी अडीचशे, जास्तीत जास्त साडेसहाशे शब्द. सहाशे एक्कावन्नावा शब्द ती खिडकी घेतच नाही. सात विषय दिलेले असतात. त्यातला पहिला साधारण असा, की तुमची पार्श्वभूमी, तुमची ओळख, आवड किंवा एखादं कौशल्य इतकं महत्त्वाचं असेल की त्यावाचून हा अर्ज अपुरा राहील, तर ते सांगा. सातवा विषय म्हणजे तुम्हाला हवं ते लिहा. शिवाय निरनिराळ्या महाविद्यालयांचे आपापले छोटे प्रश्न वेगळेच.

मला प्रथम हे फार आवडलं. आपल्याकडे प्रवेश म्हणजे सीईटीचे गुण आणि दाखल्यांची फाईल. डोमिसाईल, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर. मूल कोण आहे हे तहसील कचेरीचा शिक्का सांगतो, मुलानं स्वतः काही बोलायचं नसतं. मला वाटलं, किती छान, इथे मुलाला विचारतात तरी!

मग मी जरा वाचलं, आणि उत्साह थोडा उतरला. या 'स्वतःबद्दल सांगा'चा जन्म काही फारसा सोवळा नाही. शंभर वर्षांपूर्वी हार्वर्डसारख्या विद्यापीठांत प्रवेश मुख्यतः परीक्षेवर होत असे, आणि स्थलांतरितांची हुशार ज्यू मुलं त्या परीक्षा भराभर उत्तीर्ण होत होती. १९२२ च्या सुमारास हार्वर्डमध्ये त्यांचं प्रमाण पाचव्या हिश्श्यावर गेलं. अध्यक्ष लोवेल यांना ते खुपायला लागलं. त्यांनी उघडपणे मर्यादा घालायचं सुचवलं, त्यावर गदारोळ झाला, ते जमलं नाही. पण त्याच वर्षी अर्जात नवे प्रश्न आले. धर्म कोणता, आईचं माहेरचं आडनाव काय, वडील कुठे जन्मले. आणि एक प्रश्न असा, की जन्मापासून तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल केला आहे का, असल्यास सविस्तर सांगा. म्हणजे नाव बदलून आत येऊ पाहाल, तर आम्ही ओळखू! पुढच्या चार-पाच वर्षांत नुसत्या गुणांऐवजी 'चारित्र्य', 'व्यक्तिमत्त्व' अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींना वजन आलं. फोटो आले, मुलाखती आल्या, शिफारसपत्रं आली, स्वतःविषयीचं लेखन आलं. ज्यू मुलांची संख्या पुन्हा खाली आली.

काळ बदलला, आणि तीच 'व्यक्तिमत्त्वा'ची मोजपट्टी पुढे कृष्णवर्णीय आणि इतर मुलांना दार उघडायलाही वापरली गेली, हेही खरं. मग आशियाई मुलांच्या बाजूनं हार्वर्डवर खटला झाला. आमच्या मुलांना अभ्यासात वरचे गुण देता आणि व्यक्तिमत्त्वात मात्र खालचे, असा त्यात आरोप होता. खालच्या न्यायालयानं तो मानला नाही. पण २९ जून २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वंशाचा विचार करणंच घटनाबाह्य ठरवलं. अर्जातला वंशाचा रकाना झाकून ठेवायची सोय महाविद्यालयांना त्याच ऑगस्टपासून मिळाली. मात्र निकालपत्रात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी एक फट ठेवली. आपल्या वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थ्यानं स्वतः लिहिलं, आणि त्यातून त्याचं धैर्य, जिद्द, नेतृत्व असं काही दिसलं, तर ते विचारात घ्यायला मनाई नाही. झालं! रकान्यातली ओळख निबंधात आली. न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स महाविद्यालयानं तर निकालपत्रातलं ते वाक्यच निबंधाचा विषय म्हणून देऊन टाकलं.

आता यात सतरा वर्षांच्या पोरीनं करायचं काय? आमच्या नातीला एका बाजूनं ओळखीपाळखीचे लोक सांगत होते, भारतीयपणा फार दाखवू नकोस, स्पेलिंग बी आणि भरतनाट्यम नको, तशा मुली ढिगानं आहेत. दुसऱ्या बाजूनं शाळेच्या समुपदेशक बाई सांगत होत्या, तुझी ओळख लिही, हल्ली त्याला महत्त्व आहे. थोडक्यात, भारतीय दिस, पण इतर भारतीयांसारखी दिसू नकोस.

तिनं पहिला खर्डा मला वाचून दाखवला. त्यात एक आजी होती. नऊवारी नेसलेली, पहाटे ओव्या म्हणत पुरणपोळ्या लाटणारी. ही आजी नातीचा हात हातात घेऊन सांगते, "बेटा, आपली मुळं कधी विसरू नकोस." श्रोतेहो, मी नऊवारी नेसले ती माझ्या लग्नात. पुरण वाटायचा मला मनस्वी कंटाळा आहे. आणि आमच्या घरात आजपर्यंत कुणी कुणाला 'बेटा' म्हटलेलं नाही. मी विचारलं, "ही बाई कोण?" तर म्हणते, "आजी, इट्स लाइक यू. थोडी बदललीय." मग शाळेच्या जेवणाच्या सुट्टीत डब्यातल्या भाजीच्या वासाला मुलं हसली, असाही प्रसंग होता. मी विचारलं, "कोण हसलं गं?" ती म्हणाली, "कुणी नाही. आमच्या टेबलवर निम्मे तर इंडियनच असतात." आणि शेवटचं वाक्य होतं, मी दोन संस्कृतींना जोडणारा पूल आहे.

मला इतकं हसू आलं! म्हटलं, "बाळा, हे तुझं आत्मवृत्त नाही. हे पुलाचं आत्मवृत्त आहे." मग तिला मी फाटक्या छत्रीची सगळी कथा सांगितली. छत्रीच्या जागी पूल, कारखान्याच्या जागी भारत, अडगळीच्या खोलीच्या जागी शाळेची कॅन्टीन. साचा तोच. फरक एवढाच, की आमची मुलं छत्री असल्याचं सोंग आणायची आणि हिला स्वतः असल्याचं सोंग आणावं लागत होतं.

ती चिडली. म्हणाली, "पण हे असंच असतं, आजी." आणि तिनं संगणकावर त्या चॅटजीपीटीला एका ओळीत विषय सांगितला. दहा सेकंदांत साडेसहाशे शब्द. नऊवारी, डबा, पूल, सगळं हजर, तेही तिच्याहून सफाईदार इंग्रजीत. असलं लेखन आपलं म्हणून पाठवणं हा फसवणुकीचा प्रकार आहे, असं कॉमन अ‍ॅप्लिकेशनच्या नियमातच आता आहे, त्यामुळे ते वापरायचा प्रश्न नव्हता. पण ते वाचून तिचा चेहरा पडला. यंत्र तिला न ओळखता तिची ओळख लिहू शकत होतं. तो खर्डा तिनंच पुसला, मला काही बोलावं लागलं नाही.

मग पंधरा दिवस काहीच नाही. मी विषय काढायचा नाही, असं लेकीनं बजावलं होतं.

शनिवारी मात्र ती वडिलांबरोबर क्रिकेटला जायची. आमच्या जावयांचा एक संघ आहे, सगळे चाळिशी-पंचेचाळिशीचे, आयटीतले आणि बँकांतले. पार्कातल्या मैदानावर चटईच्या खेळपट्टीवर वीस-वीस षटकांचे सामने. लेक औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे, शनिवारी तिची ड्यूटी असते. म्हणून नऊ वर्षांची असल्यापासून ही मुलगी वडिलांच्या मागे मैदानावर. तिथे कंटाळून काय करणार, तर कुणीतरी तिच्या हातात स्कोअरबुक दिलं. ते मोठं आडवं बुक नाशिकहून मीच नेलं होतं, जावयांनी मागवलं होतं म्हणून. तेव्हापासून संघाचा स्कोअर तीच लिहिते. बाकी सगळीकडे आता फोनवरच्या अ‍ॅपवर स्कोअर ठेवतात, पण हिचं बुक चालूच आहे.

सप्टेंबरात एकदा मी त्यांच्याबरोबर गेले. घडीच्या खुर्चीत बसून ती लिहीत होती. मैदानावर मराठी, तेलुगू, गुजराती आणि पंजाबीत एकाच वेळी भांडण चाललं होतं, आणि हिची मान खाली. मग एकजण ओरडला, "आता किती झाले?" तिनं आकडा सांगितला. भांडण थांबलं. मी सहज विचारलं, "कुणी तुझा आकडा खोटा नाही म्हणत?" ती जरा गप्प झाली. म्हणाली, "एकदा म्हटला होता."

ती गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, २०२२ च्या उन्हाळ्यातली. प्रतिस्पर्धी संघानं आधी फलंदाजी केली. एका षटकात वाइड पडला, यष्टिरक्षकाच्या हातून चेंडू निसटला, फलंदाजांनी एक धाव पळून काढली. म्हणजे त्या चेंडूवर दोन धावा. स्कोअरबुकात वाइडसाठी अधिकचं चिन्ह काढतात, आणि वर एक धाव पळाली की त्याच्या कोपऱ्यात टिंब देतात. तिनं ते दिलं. अ‍ॅपवर बसलेल्या मुलानं नुसता वाइड दाबला. फलंदाजांची जागा त्यानं नंतर हातानं दुरुस्त केली, धाव मात्र राहून गेली. अ‍ॅपवर धावा झाल्या एकशे एकतीस, बुकात एकशे बत्तीस. मध्यंतरात आकडे ताडून पाहायचे असतात, पण पावसाची भुरभुर सुरू झाली होती, सगळ्यांना घाई. अ‍ॅपनं सांगितलं, जिंकायला एकशे बत्तीस. आमच्या जावयांच्या संघाला शेवटच्या चेंडूवर दोन हव्या होत्या, एक निघाली. बरोबरी! मिठ्या मारून झाल्या, गुण वाटून घ्यायचं ठरलं.

आणि ही पंधरा वर्षांची मुलगी बेरीज करत बसलेली. अवांतर धावांची बेरीज जुळेना. एकेक षटक तपासत ती त्या टिंबापाशी आली. बुक घेऊन उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, आपण एका रननं हरलोय."

कर्णधार तिचे वडीलच. ते म्हणाले, "राहू दे आता." ती म्हणाली, "पण हे बघा." ते पुन्हा म्हणाले, "राहू दे म्हटलं ना!" समोरच्या कर्णधारानं मोठ्या मनानं हसून विषय मिटवला. अ‍ॅपवर बरोबरी तशीच राहिली. हिच्या बुकात मात्र 'एका धावेनं पराभव' लिहिलेलं आहे. त्या सामन्याचा निकाल आजही दोन ठिकाणी दोन आहे. घरी येताना पाऊण तास गाडीत कुणी बोललं नाही.

मी मराठीची मास्तरीण. 'वंदन'मधलं टिंब गेलं की 'वदन' होतं, यासाठी मी आयुष्यभर पोरांचे अर्धे-अर्धे गुण कापले. मला राहवेना. म्हटलं, "अगं, हे लिही ना!" तर ती म्हणाली, "यात आयडेंटिटी कुठाय?"

तरी तिनं लिहिलं. खर्डा छान होता, पण एक गोष्ट खटकली. त्यात वडील नव्हते. 'संघाचे कर्णधार' असा कुणी परका माणूस होता. मी विचारलं, "बाबा कुठे गेले?" ती म्हणाली, "ते नको. लोक त्यांना चीटर म्हणतील."

श्रोतेहो, माझी अडचण लक्षात घ्या. जावयांच्या घरात राहायचं, त्यांच्या हातचा चहा प्यायचा, आणि त्यांच्याविरुद्धचा निबंध तपासायचा! रात्रभर मला झोप नाही. मुलीनं आपलं खरं लिहावं असं एक मन म्हणत होतं. पण ते खरं तिच्या एकटीचं नव्हतं. अनोळखी माणसांच्या टेबलावर बापाची एक संध्याकाळ मांडायची, तीही प्रवेशासाठी, यात काहीतरी टोचत होतंच.

सकाळी मी तिला दोनच गोष्टी सांगितल्या. बाबांना बाबा म्हण. आणि त्यांची बाजू काय होती, ते त्यांना विचार. दोन वर्षांत तिनं विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं. ते म्हणाले, "अगं, आम्हाला एकशे बत्तीसचं लक्ष्य सांगितलं होतं. तेहतीस सांगितलं असतं तर शेवटची षटकं वेगळी खेळलो असतो. खेळ संपल्यावर लक्ष्य बदलणं हा कुठला न्याय?" आता हेही काही चुकीचं नाही, नाही का? नातीला हे कधी सुचलंच नव्हतं. ती म्हणाली, "मग बरोबर कोण?" मी म्हटलं, "ते मला काय विचारतेस? मला क्रिकेट कळत नाही."

निबंध तिसऱ्यांदा लिहिला गेला. आता त्यात बाबा होते, त्यांचं म्हणणं होतं, आणि बुक घेऊन उभी राहिलेली एक मुलगी होती, जिला आपलं टिंब बरोबर आहे एवढंच ठाऊक होतं. समुपदेशक बाईंनी विचारलंच, तुझी ओळख यात कुठे आहे? पुलाचं एखादं वाक्य परत घालावं का, असं तिला दोन दिवस वाटत होतं. शब्द सहाशे अठ्ठेचाळीस झाले होते, त्यामुळे पुलाला जागाच उरली नव्हती.

यावरून ज्याला आपल्या वर्णाबद्दल, भाषेबद्दल लिहायचं आहे त्यानं लिहू नये, असं मी म्हणत नाही. ज्याच्या आयुष्याला त्यानं खरोखर वळण दिलं आहे, त्यानं लिहावंच, लपवावं का? आमच्या नातीच्या बाबतीत डब्याला कुणी हसलंच नव्हतं, एवढाच मुद्दा.

प्रवेशाचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. दोन नामांकित ठिकाणांनी नाही म्हटलं. राज्याच्या विद्यापीठात संख्याशास्त्राला प्रवेश मिळाला, आणि तिथे तिला गुणांवरही मिळाला असता. निबंधानं काय केलं हे कुणालाच सांगता येणार नाही.

सांगायचं राहिलं ते अर्ज पाठवायच्या रात्रीचं. ३१ ऑक्टोबर २०२४. त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं आणि त्यांचं ते हॅलोविनही. दारात माझ्या पणत्या, आणि भुताखेतांचे मुखवटे घालून शेजारची पोरं चॉकलेटं मागायला येत होती. दुसऱ्या दिवशी अर्जाची मुदत संपणार. नातीनं निबंधाचा कागद वडिलांच्या हातात दिला आणि स्वतः दाराशी चॉकलेटं वाटत बसली. जावई जिन्यावर बसून वाचत होते. मी स्वयंपाकघरातून बघत होते, करंज्यांकडे लक्ष नव्हतं. दोनदा वाचलं त्यांनी. मग उठून तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "एक चूक आहे."

ती घाबरून उभी राहिली.

"तो वाइड चौदाव्या ओव्हरमध्ये नव्हता. पंधराव्या."

"चौदाव्याच!"

"पंधराव्या. बोलिंग मी करत होतो."

मग दोघं गॅरेजमध्ये गेले, खोकी उपसली, ते जुनं बुक काढलं, आणि तिथेच दिव्याखाली पान लावलं. पंधरावं षटक, अधिकचं चिन्ह, कोपऱ्यात टिंब. तिनं वर येऊन चौदाचे पंधरा केले आणि अर्ज रवाना केला. शब्दसंख्या तेवढीच राहिली.